शेरा

ऐरोली, सेक्टर नऊ. आठवी ब.
बेचाळीस वह्या, विषय मीच दिलेला:
'आमची खाडी'.
रविवारची दुपार. खिडकीबाहेर एकसुरी घुमणारा
ठाणे-बेलापूर रस्ता,
आणि नवं लाल पेन, टोपण काढून ठेवलेलं.

पहिली वही: 'खाडी ही निसर्गाची अमूल्य देणगी आहे.'
दुसरी: 'खाडी म्हणजे निसर्गाने दिलेला अमूल्य ठेवा.'
तिसरीत ठेव्याची पुन्हा देणगी झाली.
नवव्या वहीपर्यंत पुढचं वाक्य
मला पाठ होतं.

एक वेलांटी चुकलेली नाही.
'पारिस्थितिकी', तीन इकार ऱ्हस्व, शेवटचा दीर्घ,
मी अजून कोश उघडून खात्री करते,
ऊर्जिता घुगेला मात्र सहज.
तिने तर महत्त्वाच्या शब्दांच्या दोन्ही अंगांना
दोन दोन चांदण्या काढल्या होत्या,
पडद्यावर दिसल्या तशाच,
निळ्या शाईने, मन लावून.
मी त्या चांदण्यांवरून बोट फिरवलं.
अख्ख्या निबंधात तिच्या म्हणाव्यात
अशा तेवढ्याच.

पेनच्या टोकावर शाई वाळली.
वीस वर्षं मी चुकांवर जगले.
'आई प्रेमळ आहे पण तीला राग येतो'
मधल्या त्या दीर्घ 'ती'च्या आत
कोणीतरी बसलेलं असायचं,
जीभ बाहेर काढून लिहिणारं,
वाक्य सुचेना की पंख्याकडे बघणारं.
पंख्याकडे बघण्याची ती दहा मिनिटं
कुठल्या वहीत तपासायची आता?

एकतिसावी वही विहंग मढवीची.
दिवा कोळीवाडा. बापाची होडी.
आई सुकतीला खाडीत उतरते,
कोपरापर्यंत हात चिखलात घालून
बिळांतून निवट्या काढते.
गेल्या वर्षी 'माझा आवडता प्राणी' म्हणून
ह्याने चिंबोरी घेतली होती, दीड पान:
'तीला दोन नांग्या आसतात. मोठी धरली
तर ती ल्हाण नांगीने चावते. मला चावलीय.'
अकरा चुका.
मी मोजल्या होत्या.

आणि आता: 'खाडीकिनारी कांदळवने असून
रोहित पक्षी हे या परिसराचे विशेष आकर्षण आहे.'
तिवर हा शब्द कुठेच नाही.
म्हावरं नाही, उधाण नाही, भांग नाही,
चिखलसुद्धा नाही.
खाडी आहे आणि चिखल नाही.
आई तर नाहीच.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला गाठलं.
निवटी धरतात कशी रे?
डबा बाकावर ठेवून त्याने दोन्ही हात मोकळे केले.
'दोन भोका असतात बाई.
एक पायानं दाबाचा,
दुसऱ्यान हात घालाचा, हलू, असा...
ती बोटांना लागते ना, तवा श्वास नाय घ्याचा.'
आणि खरंच त्याने श्वास धरला,
वर्गात, बाकांच्या मधे, कोपरापर्यंत हवेत हात घालून.
मीही धरला बहुतेक.

मग हे का नाही लिहिलंस?

हात खाली आला.
'असं लिहाचं नसतं ना बाई.
तुम्ही लाल करता.'

घंटा झाली. मुलं आत आली.
ऊर्जिताने फळा पुसला.
मी काही बोलले नाही,
बोलणार काय.
गेल्या सत्रातल्या प्रगतिपुस्तकांचे शेरे
रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना,
मीही त्यालाच मागितले होते.
बेचाळीस. चहा गाळेपर्यंत हजर.
उतरवून काढले, खाली सही केली.
मढवी, विहंग:
'निरीक्षणशक्ती उत्तम.
लेखनात सुधारणा अपेक्षित.'

झाली सुधारणा.