सपाट जागा

पहिल्या वर्षी खालचा नट लावायचा विसरले
आणि वरून नवं तेल ओतत राहिले.
आमची गल्ली म्हणजे निव्वळ उतार.
तेल शांतपणे निघालं: पोस्टाची पेटी,
मिसेस प्रिदर्कची पायरी, मग चॅपेलचं फाटक.
अजून ओल्या दिवशी तिथे काहीतरी
जांभळं-हिरवं चमकतं,
आणि गेथिन टोपी काढून म्हणतो,
"एलुनेड, तुझं स्मारक."

तेव्हापासून नट खिशात ठेवत नाही.
सगळं निथळेपर्यंत डाव्या मुठीत.

आज गाडी घोड्यांवर चढवली.
पुढच्या चाकांना पाटीच्या दगडाच्या चिपा लावल्या;
बेथेस्डात फुकट मिळणारी ही एकच वस्तू.
शाळेत ज्यावर अक्षर काढलं,
छपरावर ज्याच्याखाली झोपलो,
मेल्यावर ज्यावर नाव येईल,
त्याच दगडाने अडीचशे अश्वशक्ती
उतारावर थोपवून धरली आहे.

इंजिन मागे, जमिनीलगत,
सहा सिलिंडर, तीन इकडे तीन तिकडे,
जेवणाच्या टेबलावर भांडणाऱ्या भावंडांसारखे समोरासमोर.
तेल गरम असतानाच नट फिरवायचा.
पहिली धार मनगटावर येते. येणारच.
बँगोरच्या प्रसूतिगृहात चौतीस वर्षं काढली,
मला ऊब आणि चिकटा यांचं काही वाटत नाही.
वाट बघण्याचंही नाही.
नऊ लिटर.
आधी दोर, मग सुतळी, मग थेंब,
मग दोन थेंबांमधलं अंतर.
त्या अंतरात माझ्या कितीतरी रात्री गेल्या.

नटाला चुंबक आहे.
चष्मा कपाळावरून खाली घेते.
राखाडी चिखल असेल तर चालतं:
झीज आहे, वय आहे, मलाही आहे.
पण चकाकणारी एक कपची जरी दिसली
तर आत कुठलंतरी बेअरिंग स्वतःला खातंय.
अंगठ्यावर चोळते. खिडकीच्या उजेडात धरते.
बाळ रडायच्या आधीचे ते दोन सेकंद
खोलीत सगळे असतात
आणि कोणीच श्वास घेत नाही.

राखाडी.
नुसतं राखाडी.

फिल्टरने मात्र छळलं. पट्टा घसरला,
कोपरापर्यंत काळी झाले, वेल्शमधली एक शिवी
जी मला वाटलं होतं आजोबांबरोबर गेली,
ती सापडली.
नवा वॉशर. टॉर्क रेंचने कट् करून सांगितलं: पुरे.
गेथिन म्हणतो, चेस्टरला नेऊन दे,
सहाशे पौंड घेतात पण कॉफी देतात.
जिच्यापायी निवृत्तीची सगळी रक्कम उडवली,
जिच्यापायी बहीण दोन वर्षं बोलली नाही,
तिच्या पोटाला परक्याने हात लावायचा?
कॉफी मी घरी करते.

तेल भरलं म्हणून काम संपत नाही.
ही जुन्या वळणाची गाडी: इंजिन तापलेलं हवं,
चालू हवं, आणि जमीन सपाट हवी,
तरच तेलाची काडी खरं बोलते.
आणि या गावात सपाट जमीन?
फुटबॉलचं मैदानसुद्धा एका बाजूला कललेलं,
पाहुणा संघ दर वेळी तक्रार करतो.
एकच जागा आहे. दफनभूमीबाहेर,
जिथे गाड्या वळवतात.

संध्याकाळ. सुई वर चढेपर्यंत
आत बसून राहिले, खिडकी उघडी ठेवून.
मग काडी ओढली, पुसली, घातली, ओढली.
इयोलो आला, हातात झारी, आईच्या फुलांसाठी.
पस्तिशीखालचं इथलं कुणीही घ्या,
पहिल्यांदा मीच उलटं धरलंय;
त्यालाही, मार्चमध्ये, नाळेचे दोन वेढे.
त्याला हे ठाऊक नाही. आईला होतं.

"बिघडलंय का काही?"
"नाही. मोजतेय."
"बंद करून नाही बघत?"
"ही चालू असतानाच खरं सांगते."

तो थोडा वेळ आवाज ऐकत उभा राहिला.
मग झारी खाली ठेवली. "थांबू का?"

"टॉर्च धर," म्हटलं.
"आणि हात हलवू नकोस."