वळसा

साखर पेठेतला कारखाना बंद होऊन तीन वर्षं झाली,
तरी राजमल्लू गड्डम घरात सरळ चालत नाही.
मोरीकडे जाताना दोनदा वळतो,
नसलेल्या मागाला वळसा घालून,
आणि बोटं हवेत तुटका धागा शोधतात.

नान्नजच्या माळावर काळवीट असंच पळतं.
मागे कोणी नाही.
चित्ता कधीच संपला,
त्याचा वेग तेवढा
हरणाच्या मांडीत राहून गेला.

नात रांगते:
डावा हात, उजवा गुडघा.
भिंतीवरची पालही तशीच.
चिखलातून वर येताना कुणीतरी टाकलेलं ते पाऊल
अजून घरोघर फिरतंय.

"ताता," ती हाक मारते.
राजमल्लू उठतो, वळसा घालतो.
ती त्याच्या मागोमाग,
बरोब्बर तिथेच
वळते.