दुसरा माणूस

पावणे एमआयडीसी, कँटीनच्या वरची खोली,
सेफ्टीचा तास. बावीस जण, निम्मे पेंगलेले.
फळ्यावर मी टाकी काढते, तिच्या तळाशी एक माणूस,
आणि विचारते, हा बेशुद्ध पडला तर काय कराल?
"उतरू," सगळे म्हणतात.
दरवर्षी हेच उत्तर. दरवर्षी मला ते आवडतं
आणि दरवर्षी मी त्यावर फुली मारते.

आज कोलंबियाची गोष्ट सांगितली.
उडतानाच फोमचा तुकडा डाव्या पंखावर आपटला,
प्रवासी बॅगेएवढा, थर्माकोलसारखा हलका.
सोळा दिवस सात जण फिरत राहिले
भोक पडलेल्या पंखानिशी.
नंतर, सगळं संपल्यावर, हिशेब मांडला गेला:
कामं सोडून नुसते पडून राहिले असते, श्वास जपत,
तर हवा महिनाभर पुरली असती.
तेवढ्यात दुसरं यान रात्रंदिवस खपून उभं करून
वर नेता आलं असतं.
कदाचित.
पण त्या यानालाही तोच फोम होता.

"म्हणजे विनामास्क दुसरा माणूस," मागून रोशन म्हात्रे.
खडू माझ्या हातात तसाच.
"मॅडम, वरच्यांना सांगितलं होतं का?"
हो. मेल गेला होता.
तुकडा लागलाय, काळजीचं कारण नाही.

हरेश्वर मढवी गाळाच्या टाकीत पडला त्या दुपारी
मी त्याच्या भावाला कमरेला मिठी घालून धरलं होतं.
बंबाची गाडी महापे नाक्यावर अडकलेली.
आतून आवाज आला, "येतंय का कुणी?"
"आलोच!" मी ओरडले.
पुन्हा विचारलं त्यानं. पुन्हा आलोच.
तिसऱ्यांदा विचारलं नाही.
भाऊ जिवंत आहे. माझ्याशी बोलत नाही.
दिवाळीला त्याची बायको करंज्या पाठवते,
डबा परत करताना काय भरावं
मला अजून सुचत नाही.

जेवणाचा भोंगा झाला. खोली रिकामी.
रोशन तेवढा खाली बसलेला,
टेबलाच्या पायाला दोर बांधून
गाठ सोडतोय, मारतोय, ओढून बघतोय.
मी फळा पुसता पुसता म्हटलं,
उलटी मारलीस.
परत मार.