हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात, पहिल्या सोमवारी, शटर पुरतं वर जायच्या आत
कर्नल गुरुलिंग बिरादार आमच्या उदगीरच्या शाखेत यायचे,
आपण जिवंत आहोत हे सांगायला.

खुर्ची पुढं सरकवली की म्हणायचे, "उभाच बराय की."
डाव्या बाजूनं बोललं तर ऐकू जायचं नाही,
त्या कानात नव्व्याण्णव सालची तोफ अजून वाजत होती.
मी काउंटर बदलून घेतला. कारण कुणाला सांगितलं नाही.

मशीन त्यांचा अंगठा ओळखायचं नाही.
तीनदा पुसून, चौथ्यांदा दाबून
"बघा, तुमचं मशीन म्हणतंय मी मेलोय,"
आणि स्वतःच हसायचे, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसासारखे.

देवर्जनच्या शाळेतल्या शिपायाचा पोरगा.
चौतीस वर्षं मेसमध्ये शाकाहारी,
वर्दीच्या आत गळ्यात लिंग,
खिशात शेंगाचटणीची पुडी, बर्फातसुद्धा.
एवढंच त्यांनी सांगितलेलं. लढाईचं कधी नाही.

दाखल्यामागोमाग एक पैसे भरायची स्लिप निघायची.
पद्मावती बेहेरा, गंजाम. दोन हजार.
"कोण हो साहेब?"
एकदाच बोलले: "माझ्या एका गनरची आई.
त्याचाबी दाखला मीच लिहिलता. ह्याच्या उलटा."

यंदा ऑक्टोबरात नळाला पाणी आलं, नवव्या दिवशी.
टाकीचा कॉक उघडायला पहाटे गच्चीवर गेले
आणि पाणी वाहत राहिलं, खाली गल्लीपर्यंत.
शेजारी ओरडले, तेव्हा कळलं.

लातूरहून चार माजी सैनिक आले, पदकं लावून.
जंगमानं भस्म लावलं, तळहातावर लिंग ठेवलं,
आमच्यात बसवूनच मातीत देतात.
सलामीला उभे राहिलेले चौघं खड्ड्याकडं बघून थबकले:
मांडी घातलेल्या माणसाला
'सावधान' म्हणायचं कसं?
मला वाटलं, बसले एकदाचे.

नोव्हेंबरात त्यांच्या बाई आल्या, शांताबाई,
कुटुंब पेन्शनचा फॉर्म घेऊन.
सह्या झाल्या तरी उठेनात.
मग पाकिटातून घडी घातलेली एक स्लिप काढली,
त्यांच्या ठसठशीत अक्षरात भरलेली,
आणि पदरातून सुट्या नोटा.
"ही बाई कोण, मला ठाव नाही," म्हणाल्या,
"पण भरा."

तारखेची जागा तेवढी कोरी होती.
ती मी भरली.