शेरा

त्र्यंबक रोडला, जिल्हा परिषदेच्या मागच्या खोलीत
मी मेलेल्या मास्तरांची सेवापुस्तकं स्कॅन करते.
अकरा महिन्यांचा करार. पानामागे नव्वद पैसे.
कसर लागलेल्या पानाचे हातात दोन तुकडे झाले
तरी पैसे एकाच पानाचे,
हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

पडद्यावर रकाने आहेत :
नाव, तालुका, रुजू दिनांक, श्रेणी.
श्रेणीचा बाण दाबला की चार अक्षरं खाली उतरतात.
अ नंतर आ येतो
हे शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला,
त्यांच्यासाठी इथे अ नंतर थेट ब.

त्यांच्या काळी उतरंड वेगळी होती.
थर्ड इयर ट्रेन्ड. सेकंड इयर ट्रेन्ड. फर्स्ट इयर.
त्याखाली फायनल पास पण अनट्रेन्ड,
आणि अगदी तळाशी, उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसे,
हंगामी.
थर्ड इयरवाला निफाडला, येवल्याला,
जिथे टपाल रोज यायचं.
उरलेले सावळघाटापलीकडे.

कारभारी चिंधू निकम.
खिरपाडा, तालुका पेठ. जून १९३१. पगार रुपये पंधरा.
सही मोडीत, शेवटी लांबच लांब फराटा,
कुणीतरी हाक मारली आणि लेखणी न उचलताच उठले असावेत.

दिपोटी वर्षातून एकदा यायचे, घोड्यावरून.
चौतीस सालचा शेरा :
'हजेरी बरी. पाढे बरे. शुद्धलेखन बेताचें.
मास्तरांस शिस्त राखतां येत नाहीं.
मुलें आमचेकडे पाहून हंसलीं.
वर्ग तिसरा. वाढ एक वर्ष तहकूब.'

वाढ म्हणजे एक रुपया.

पुढच्या पानाला टाचणी, गंजून कागदातच रुतलेली.
ती काढायची परवानगी नाही. मी काढली.
खाली खुलासा :
'मुलें हंसलीं हें खरें.
साहेबांचे फेट्यावर टोळ बसला होता.
तो मास्तरानें उडवावा कीं कसें
याविषयीं नियमांत कांहीं आढळलें नाहीं.
मुलांचा दोष नाहीं.
टोळाचाही दिसत नाहीं.
हुकूम व्हावा.'

मी हसले, हात हलला, पान पुसट आलं.
पुन्हा केलं. पुन्हा केलेल्याचे पैसे नाहीत.

हुकूम झाल्याचं कुठे दिसत नाही.
पस्तीस सालचा दिपोटी दुसरा, अक्षर गोल,
वर्ग तिसरा.
अडतीस, वर्ग तिसरा.
बेचाळीसला शाई निळी झाली, वर्ग तिसरा.
राज्य गेलं, राज्य आलं,
घोड्याच्या जागी सरकारी जीप आली असेल,
वर्ग तिसरा.
बहुतेक प्रत्येक जण आधीचं पान उलटून बघायचा
आणि मगच टोपण काढायचा.
टोळ मात्र कुणी नकलून घेतला नाही.

एक आकडा सांगायचा राहिला.
रुजू झाले तेव्हा पटावर नऊ मुलं.
निवृत्तीच्या पानावर चौसष्ट, त्यात मुली एकवीस.
याला रकाना नाही.

शुक्रवारी ठेकेदाराचे बागूल साहेब येतात,
आमच्या नावांपुढे रंग भरून जातात.
हिरवा, पिवळा, लाल.
मी तीन आठवडे पिवळी आहे.
म्हणाले, मॅडम, तुम्ही वाचत बसता.
मी म्हटलं, नाही हो, पानं जुनी आहेत.
हेही आता कुठेतरी नोंदलं असेल.

श्रेणी रिकामी सोडता येत नाही.
चौकट लाल होते, पुढचं पान उघडत नाही.
मी थोडा वेळ अ वर बोट धरून बसले.
मग क दाबला.
कागदावर तेच होतं,
आणि माझा करार मार्चपर्यंत आहे.

पण सगळ्यात खाली एक 'इतर' आहे,
पन्नास अक्षरांचं, कुणी भरत नाही.
तिथे मी टाइप केलं :
साहेबांचे फेट्यावर टोळ बसला होता.
मोजून पाहिली.
बसतात.