चिमणीचं खोकं

हर्षालीच्या शाळेनं वाटली लाकडी खोकी,
चिमण्या संपत चालल्यात म्हणे मुंबईतून.
मनोरीत या म्हटलं, मोजायला.
सकाळी माझ्या खुराड्यात अठ्ठावीस होत्या,
कणी उधळत, पाण्याच्या थाळीत शिटत.

गेल्या थंडीत त्याच थाळीतून
का आणखी कुठून, कोण सांगणार,
मानमोडी आली.
चंद्री अंगणात गोल गोल फिरली,
मान पाठीला टेकवून, डोळे आभाळात.
चौथ्या दिवशी अकरा खड्ड्यात, वर चुना.
परळच्या बैलघोड्यातला डॉक्टर एवढंच म्हणाला:
बाहेरची पाखरं आत घेऊ नका, बाई.
मी कुणाला घेते?

आता अर्ध्या इंचाची जाळी आहे.
पाणी आत, उरलेली कणी सांजेला उचलते.
खाजणातला बगळा, अंड्यावर टपलेला कावळा,
त्यांना बांबू पुरतो.
चिमणीवर उगारायला हात होत नाही.
उगारते.

मग खोकं कुठं लावू, पोर रडकुंडीला आली.
हिल्डाबायच्या चिंचेला लाव म्हटलं,
तिच्याकडं कोंबड्या नाहीत.
बदकं आहेत. ते मी बोलले नाही.

काल एक सापडली जाळीच्या आत,
कशी शिरली देव जाणे.
मुठीत धरली. वजन म्हणाल तर
लसूण सोलल्यावर सुपात उरतं तेवढं,
फक्त आतलं धडधडणं जड.
आई, मला दे ना.
नाही दिली.
कुंपणापलीकडं सोडली
आणि कोपरापर्यंत हात धुतले,
साबणानं, दोनदा,
तिच्यादेखत.