भाग एकेचाळीस

डोक्यावर गोधडी घेऊन बोलते मी,
पंखा बंद करून.
खाली वडापवाला ओरडतो, मिरज मिरज मिरज,
तेही जातं रेकॉर्डिंगमध्ये. जाऊ दे.

आज इलाही मुजावर.
सांगलीच्या क्लबात तीस वर्षं मार्कर.
साहेबांच्या फोरहँडवर अलगद चेंडू द्यायचा,
म्हणजे साहेबांचा दिवस बरा जायचा.

तुम्ही कधी जिंकलात, चाचा?

अकरा सेकंद नुसती गोधडी.
मग म्हणाले,
"सोमवारी क्लब बंद. भिंतीसंगं खेळायचो.
भिंतीला साहेब म्हणावं लागत न्हाई."

ते अकरा सेकंद मी कापले नाहीत.

या महिन्याची वर्गणी दोन हजार एकशे चाळीस,
खोलीचं भाडं त्याहून जास्त.
आत्ताच कुपवाडहून कुणी एक्कावन्न पाठवलेत,
सोबत एक ओळ:
मधे आवाज गेला होता, ताई.
नवा माइक घ्या.